पेनिशचा कैदी : त्रिस्तांव द ब्रागांझा कुन्हा

पणजी शहरात गेलेल्या आमच्या बहुतेक वाचकांनी तेथील आझाद मैदान पाहिलेच असेल. मैदानाच्या मध्यभागी उंच दगडी खांबांचा एक देखणा मंडप आहे. हा मंडप १८४७ साली उभारण्यात आला, तो आफोंसो द अल्बुकेर्क याच्या पुतळ्यासाठी. १५१० साली ज्याने आदिलशाहाकडून गोवा जिंकून घेतला आणि या भूमीवर पोर्तुगिजांच्या साडेचारशे वर्षांच्या सत्तेचा पाया घातला, तोच हा अल्बुकेर्क. आज तो पुतळा तेथे नाही. जुन्या गोव्याच्या वस्तुसंग्रहालयात त्याची रवानगी झाली आहे. मंडप मात्र रिकामा राहिलेला नाही. ज्याला त्याच अल्बुकेर्कच्या वारसदारांनी राजद्रोही ठरवून सातासमुद्रांपलीकडच्या तुरुंगात धाडले, त्या एका गोमंतकीयाचे स्मारक आता त्या छत्राखाली आहे. त्या थोर पुरुषाचे नाव डॉ. त्रिस्तांव द ब्रागांझा कुन्हा.

रस्त्याने जाताना कितीजण त्या स्मारकापाशी थांबतात, हा प्रश्न आम्ही येथे विचारत नाही. परंतु ज्या माणसाने आयुष्यात कधी शस्त्र हाती धरले नाही, ज्याची आयुधे लेखणी आणि वाणी एवढीच होती, त्याला लष्करी न्यायालयापुढे उभे करण्याची गरज एका साम्राज्याला का वाटली, हा प्रश्न विचार करण्याजोगा आहे. त्याचे उत्तर शोधण्यासाठी कुन्हा यांचे चरित्र आम्ही आमच्या वाचकांपुढे थोडक्यात ठेवीत आहोत.

कुन्हा यांचा जन्म २ एप्रिल १८९१ रोजी साष्टी तालुक्यातील चांदर या गावी झाला. चांदर हे आज एक शांत खेडे दिसत असले, तरी प्राचीन काळी चंद्रपूर या नावाने ते राजधानीचे नगर होते. कुशावती नदीच्या काठच्या या गावात पोर्तुगीज धाटणीच्या भव्य हवेल्या आणि जमिनीत गाडली गेलेली जुन्या हिंदू राजवटींची नगरी ही दोन्ही शेजारी शेजारी नांदतात. पुढे ज्याने गोमंतकीयांना त्यांच्या विसरलेल्या राष्ट्रीयत्वाची आठवण करून दिली, त्याचा जन्म अशा गावात व्हावा, हा योगायोग आम्हांस मोठा अर्थपूर्ण वाटतो. घराणे सुखवस्तू आणि सुशिक्षित होते. त्या काळच्या अशा कॅथलिक घराण्यांतून पोर्तुगीज भाषा बोलली जाई, पोर्तुगीज रीतिरिवाज पाळले जात आणि मुलांची दृष्टी साहजिकच लिस्बनकडे लागलेली असे. सरकारी नोकरी, वकिली किंवा वैद्यकी करावी आणि मानाने जगावे, ही वाट त्रिस्तांवच्याही पुढे मोकळी होती.

त्यांनी मात्र निराळी वाट धरली. गोव्यातील आरंभीचे शिक्षण संपवून ते फ्रेंचांच्या ताब्यातील पाँडिचेरी येथे गेले आणि तेथील परीक्षा उत्तीर्ण होऊन पुढे पॅरिसला पोचले. सोरबोन या सुप्रसिद्ध विद्यापीठातून त्यांनी विद्युत अभियांत्रिकीची पदवी संपादन केली. पहिल्या महायुद्धाची भयाण वर्षे त्यांनी युरोपात पाहिली. साम्राज्ये परस्परांवर आदळतात तेव्हा सामान्य माणसाचे काय होते, हे त्यांस ग्रंथांतून शिकावे लागले नाही. याच सुमारास हिंदुस्थानात गांधीयुगाचा उदय होत होता. १३ एप्रिल १९१९ रोजी जालियनवाला बागेत निःशस्त्र लोकांवर गोळ्या झाडण्यात आल्या. त्या हत्याकांडाची व हिंदी स्वातंत्र्यलढ्याची खरी हकीकत फ्रेंच वाचकांना कळावी म्हणून कुन्हा यांनी पॅरिसच्या पुरोगामी पत्रांतून लेख लिहिले. गोव्याचा एक तरुण, पोर्तुगालचा कायदेशीर प्रजाजन, फ्रान्समध्ये बसून अमृतसरच्या मृतांसाठी लेखणी झिजवतो, ही गोष्ट त्या काळी अपूर्वच म्हटली पाहिजे. गोवा आणि हिंदुस्थान हे दोन देश नव्हेत, ही त्यांची निष्ठा तेव्हापासूनची होती.

१९२६ साली कुन्हा स्वदेशी परतले. हे वर्ष आमच्या विद्यार्थी वाचकांनी ध्यानात ठेवावे. कारण त्याच वर्षी पोर्तुगालमध्ये अशी एक घटना घडली, की जिच्या सावलीत कुन्हा यांचे उर्वरित सर्व आयुष्य जावयाचे होते.

पोर्तुगालमध्ये १९१० साली राजेशाही नष्ट होऊन प्रजासत्ताक स्थापन झाले होते. त्या प्रजासत्ताकाने धर्मभेद न मानता सर्वांस नागरिकत्वाचे समान हक्क दिल्यामुळे गोव्यातील हिंदू समाजाने शतकानुशतकांनंतर मोकळा श्वास घेतला. गावोगाव मराठी शाळा निघाल्या, मराठी वृत्तपत्रे सुरू झाली, वाचनालये उभी राहिली. परंतु हे प्रजासत्ताक अंतर्गत कलहांनी पोखरलेले होते. सरकारे येत व जात. अखेर २८ मे १९२६ रोजी जनरल गोमिश द कोश्ता याने ब्रागा शहरात सैन्याचा उठाव केला, फौजा राजधानीकडे निघाल्या आणि लोकनियुक्त सरकार कोसळले. संसद बरखास्त झाली. वृत्तपत्रांवर पूर्वतपासणी लादण्यात आली. या लष्करी राजवटीने १९२८ मध्ये अर्थमंत्री म्हणून एका प्राध्यापकाला पाचारण केले. त्याचे नाव आंतोनिओ द ओलिव्हेरा सालाझार. १९३२ मध्ये तो पंतप्रधान झाला आणि पुढच्याच वर्षी नवी राज्यघटना करून त्याने आपल्या हुकूमशाहीला कायद्याचे वस्त्र चढविले. सैन्याने बळकावलेली सत्ता अशा रीतीने एका मितभाषी, काटकसरी आणि निष्ठुर माणसाच्या हाती गेली व पुढे ३६ वर्षे राहिली.

लिस्बनमध्ये झालेल्या या उलथापालथीचा गोव्यावर काय परिणाम झाला, हे आज कल्पनेने समजणे कठीण आहे. परवानगीवाचून सभा भरवता येत नसे. छापावयाचा प्रत्येक कागद आधी सरकारी तपासनिसाच्या नजरेखालून जावा लागे. लग्नाच्या निमंत्रणपत्रिकाही या नियमातून सुटल्या नव्हत्या. पक्ष नाही, सभा नाही, स्वतंत्र वृत्तपत्र नाही, अशा स्थितीत माणसे हळूहळू मनातल्या मनात बोलावयास शिकतात आणि पुढे मनातही बोलेनाशी होतात. जुलमी सत्तेचा खरा विजय असतो तो हाच.

अशा वातावरणात १९२८ साली कुन्हा यांनी गोवा काँग्रेस समितीची स्थापना केली. त्याच वर्षाच्या अखेरीस कलकत्त्यास भरलेल्या राष्ट्रीय सभेच्या अधिवेशनात या समितीला मान्यता मिळाली. गोव्याचा लढा हा हिंदुस्थानच्या लढ्याचाच एक भाग आहे, हे त्यायोगे प्रथमच संघटित रूपाने जाहीर झाले.

कुन्हा यांचे देशप्रेम केवळ ध्वज आणि घोषणा यांपुरते नव्हते, हे दाखविणारी एक गोष्ट येथे सांगितली पाहिजे. त्या काळात गोव्यातील गरीब कुणबी स्त्रीपुरुषांना मजुरीच्या आमिषाने आसामच्या चहाच्या मळ्यांवर नेण्यात येत असे. हजारो मैलांवरच्या त्या परक्या मुलखात, तापाच्या साथीत, कराराच्या बेडीत अडकलेल्या या अडाणी माणसांचे हाल कुत्राही खात नसे. त्यांच्या बाजूने बोलणारे कोणी नव्हते. त्यांचे ओझे उचलून गोव्याचा जमीनदार श्रीमंत झाला होता. पण ती कोठे गेली व त्यांचे काय झाले, याची चौकशी करण्याची त्याला गरज वाटली नाही. कुन्हा यांनी हा मजुरांचा व्यापार चव्हाट्यावर मांडला, त्याविरुद्ध लिहिले आणि अडकलेल्यांना परत आणविण्यासाठी खटपट केली. सोरबोनचा पदवीधर आणि शेतात राबणारा कुणबी यांच्यामधले अंतर त्या काळी केवढे होते, हे जाणणाऱ्यालाच या कार्याची किंमत कळेल.

१९३० साली सालाझारने वसाहतींसंबंधीचा कायदा जारी केला. समुद्रापलीकडील मुलूख ताब्यात ठेवणे आणि तेथील प्रजेला सुसंस्कृत करणे हे पोर्तुगीज राष्ट्राचे जन्मजात कार्य आहे, असा या कायद्याचा आशय होता. म्हणजे १९१० मध्ये जे नागरिक ठरले होते, ते वीस वर्षांनी पुन्हा शिकवण घेण्याच्या लायकीचे अज्ञ जीव ठरले. या अपमानाविरुद्ध गोव्याच्या सरकारी कौन्सिलात ४ जुलै १९३० रोजी निर्भयपणे आवाज उठविला, तो लुईश द मिनेझिस ब्रागांझा यांनी. ते कुन्हा यांचे मेहुणे होत. स्वतःचा राज्यकारभार स्वतः ठरविण्याचा गोमंतकीयांचा हक्क त्यांनी त्या दिवशी ठासून मांडला. त्यांचे प्रकाश हे पत्र पुढे सरकारी दडपणाने बंद पडले आणि १९३८ मध्ये ते निवर्तले. एक दिवा असा मालवला. पण त्या घरातील उजेड संपला नाही. त्यांची कन्या बेर्ता ही पुढे आपल्या मामांच्या कार्यात सहभागी झाली.

कुन्हा यांच्या मार्गात अडचणी केवळ पोर्तुगिजांनीच आणल्या, असे म्हणता येणार नाही. परकीय सत्तेखालील प्रदेशांतील समित्यांना सामावून घेण्याचे धोरण राष्ट्रीय सभेने १९३४ साली सोडून दिले आणि गोवा काँग्रेस समितीची संलग्नता संपुष्टात आली. ज्यांच्याकडे आधारासाठी पाहावे, त्यांनीच हात सोडल्यासारखी ही अवस्था होती. दुसरा एखादा निराश होऊन घरी बसला असता. कुन्हा यांनी १९३८ मध्ये मुंबईत समितीचे कार्य नव्याने सुरू केले. पोटापाण्यासाठी मुंबईत आलेले खलाशी, आचारी, वादक, कारकून आणि शिक्षक अशा असंख्य गोमंतकीयांशी तेथे मोकळेपणाने बोलता येत होते, आणि लिहिलेले छापताही येत होते.

१९४४ साली गोमंतकीयांचे अराष्ट्रीयीकरण या विषयावर त्यांनी एक छोटी इंग्रजी पुस्तिका प्रसिद्ध केली. गोव्याच्या इतिहासाकडे पाहण्याची दृष्टीच तिने बदलून टाकली, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही. परकी सत्ता केवळ जमीन व्यापत नाही, ती मन व्यापते, हा त्या पुस्तिकेचा गाभा आहे. धर्मन्यायालयाचा छळ, देशी चालीरीतींवरील बंदी, १६८४ चा लोकभाषेविरुद्धचा हुकूम या सर्वांतून गोमंतकीय माणूस आपल्याच मातीला पारखा कसा झाला, आपली भाषा व आपले पूर्वज यांची त्याला लाज कशी वाटू लागली, याचे विवेचन त्यांनी निर्दयपणे केले. निर्दयपणे हा शब्द आम्ही जाणूनबुजून वापरला आहे; कारण ही टीका परक्यांइतकीच स्वकीयांवर आणि विशेषतः ज्या सुखवस्तू वर्गात ते स्वतः जन्मले त्या वर्गावर होती. अनेकांस ती झोंबली. पण शल्यक्रियेचे शस्त्र गोड नसते, हे कोणीही मान्य करील.

आता आपण १९४६ या वर्षाकडे येऊ. महायुद्ध संपले होते. ब्रिटिश हिंदुस्थानात स्वातंत्र्याची पहाट दिसू लागली होती; गोव्यात मात्र मध्यरात्र होती. त्या जून महिन्यात डॉ. राममनोहर लोहिया हे आपले मित्र डॉ. ज्युलियांव मिनेझिस यांच्या असोळणे येथील घरी विश्रांतीसाठी आले होते. गोव्यातील लोकांची दशा पाहून त्यांना स्वस्थ बसवेना. १८ जून रोजी भर पावसाळ्यात मडगाव येथे सभा ठरली. लोक जमले. कॅप्टन मिरांडा या अधिकाऱ्याने पिस्तूल काढले. लोहियांनी ते हाताने शांतपणे बाजूस सारले आणि बोलावयास आरंभ केला. त्यांना लगेच अटक झाली. परंतु त्या एका कृतीने वर्षानुवर्षांची भीती मोडली. लोक उघडपणे जयघोष करू लागले. ज्या भूमीवर हे घडले, तिला आज लोहिया मैदान म्हणतात.

लोहियांना थोड्याच वेळात गोव्याबाहेर पाठविण्यात आले. पेटलेली ज्योत राखावयाची होती ती गोमंतकीयांनी. अशा वेळी ५५ वर्षांचे कुन्हा मागे राहणे शक्यच नव्हते. अठरा वर्षे ज्या क्षणाची त्यांनी वाट पाहिली होती, तो आला होता. ते चळवळीत उतरले. त्यांचा कार्यक्रम अगदी साधा होता: जाहीर सभा भरवावयाची, लोकांशी बोलावयाचे आणि अटक झाली तर ती पत्करावयाची. दगड नाही, काठी नाही, गुप्त कट नाही. या शांततेच्या सभांवर पोलिसांनी लाठ्या चालविल्या आणि त्या मारातून हा वयोवृद्ध पुढारीही सुटला नाही. तरीही ते मागे हटले नाहीत. जुलै महिन्यात त्यांना पकडण्यात आले.

त्यांस आग्वादच्या किल्ल्यात नेऊन अंधाऱ्या, ओलसर कोठडीत डांबण्यात आले. मांडवीच्या मुखाशी असलेला हा किल्ला १६१२ साली बांधण्यात आला, तो डच आणि मराठे यांच्यापासून गोव्याचे रक्षण करण्यासाठी. तेथील गोड्या पाण्याच्या झऱ्यावर ये-जा करणारी जहाजे पाणी भरून घेत, म्हणून त्याला आग्वाद हे नाव पडले. तहानलेल्यांस पाणी देणारी ही जागा सालाझारच्या राज्यात तुरुंग झाली होती. पावसाळ्यात समुद्राच्या लाटा तटावर आपटत असताना, भिंतींतून पाणी झिरपत असताना, कुन्हा तेथे आपल्या खटल्याची वाट पाहत होते.

खटला चालला तो साध्या न्यायालयात नव्हे, लष्करी न्यायालयात. येथे आमच्या विद्यार्थी वाचकांनी क्षणभर थांबावे, अशी आमची विनंती आहे. लष्करी न्यायालय म्हणजे काय? सैनिकाने सैन्याची शिस्त मोडली, तर त्याचा न्याय सैन्यानेच करावा, यासाठी ही न्यायालये असतात. रणांगणावर पळून जाणारा शिपाई, वरिष्ठाचा हुकूम धुडकावणारा अधिकारी हे त्याचे योग्य आरोपी होत. तेथे न्यायासनावर बसतात ते सेनाधिकारी; आणि सेनाधिकारी हा ज्या सरकारचा हुकूम पाळण्यास बांधलेला असतो, तेच सरकार अशा खटल्यात फिर्यादी असते. कुन्हा हे सैनिक नव्हते. गोव्यात त्या वेळी युद्ध चालू नव्हते. तरीदेखील एका नागरिकाला, केवळ तो बोलला म्हणून, गणवेषधारी न्यायाधीशांपुढे उभे करण्यात आले. गोव्यात लष्करी न्यायालयाने ज्यांचा खटला चालविला, अशा नागरिकांत कुन्हा हे पहिले होत.

याचे कारण उघड आहे. साध्या न्यायालयात आरोपीने काय केले, असा प्रश्न विचारावा लागतो. आणि कुन्हा यांनी काय केले होते? सभेत भाषण. पुस्तिकेत विचार. एवढ्यासाठी एखाद्याला देशाबाहेर घालवावयाचे, तर न्यायाचे नाटकही दरबारी मंडळींच्या हातीच असावे लागते. जी राजवट १९२६ साली बंदुकीच्या बळावर जन्मास आली, तिने वीस वर्षांनी एका अभियंत्याच्या शब्दांना उत्तर देताना पुन्हा बंदूकवाल्यांनाच पुढे केले, यात नवल वाटण्याजोगे काही नाही. ज्याच्याजवळ युक्तिवाद असतो, तो वाद घालतो. ज्याच्याजवळ नसतो, तो दरडावतो.

अटक झाली त्याच महिन्यात निकालही लागला. आठ वर्षांची शिक्षा, आणि ती गोव्यात नव्हे, पोर्तुगालमध्ये भोगावयाची. या कडक शिक्षेचे पडसाद हिंदुस्थानभर उमटले. महात्मा गांधींनी त्या वर्षी आपल्या हरिजन पत्रातून गोव्याच्या प्रश्नावर लिहिले आणि गव्हर्नर-जनरल जुझे बोसा यांच्याशी पत्रव्यवहारही केला. ज्याच्यासाठी तरुणपणी कुन्हा पॅरिसमध्ये लेख लिहीत होते, त्या लढ्याचा नेता आता गोव्यासाठी लिहीत होता. परंतु पोर्तुगीज सरकार बधले नाही.

लिस्बनच्या उत्तरेस, अटलांटिक महासागरात घुसलेल्या एका खडकाळ भूशिरावर पेनिश नावाचे मच्छीमारांचे गाव आहे. त्या गावाच्या टोकास समुद्राला भिडलेला एक जुना किल्ला आहे. १९३४ पासून या किल्ल्याचा उपयोग राजकीय कैद्यांच्या तुरुंगासाठी करण्यात येत होता. सालाझारला विरोध करणारे पोर्तुगीज लेखक, कामगार, कम्युनिस्ट पुढारी हे सर्व तेथे खितपत पडलेले असत. कुन्हा यांना तेथे ठेवण्यात आले. त्याच वर्षी शिक्षा झालेले पुरुषोत्तम काकोडकर, लक्ष्मीकांत भेंब्रे, डॉ. राम हेगडे आणि फांचू लोयोला हे गोमंतकीय देशभक्तही तेथेच पाठविण्यात आले. हिंदू आणि ख्रिस्ती, मराठीचे अभिमानी आणि पोर्तुगीजमध्ये शिकलेले असे हे पाच गोमंतकीय परक्या समुद्राच्या काठी एकाच तटाच्या आत राहिले. धर्माच्या भिंती उभारून ज्यांनी गोव्यावर राज्य केले, त्यांच्याच तुरुंगाच्या भिंतींनी त्या भिंती पाडून टाकल्या.

आमच्या मनात येते, की त्या कोठडीत बसलेल्या कुन्हा यांस गोव्याच्या पावसाची आठवण येत असेल काय? आग्वादला जो समुद्र ऐकू येतो तो आणि पेनिशला गर्जतो तो, दोन्ही पाणी शेवटी एकच. पण एकाच्या काठी आपली माणसे असतात. ते आत असतानाच १५ ऑगस्ट १९४७ उजाडला. ज्या स्वातंत्र्यासाठी त्यांनी तारुण्य वेचले, ते हिंदुस्थानला मिळाले, तेव्हा हा स्वातंत्र्यसैनिक दुसऱ्या एका साम्राज्याच्या बंदीशाळेत होता.

१९५० साली त्यांची तुरुंगातून सुटका झाली. परंतु ती सुटका अर्धवट होती. गोव्यास परत जाण्याची त्यांस परवानगी नव्हती आणि पोर्तुगालमध्ये त्यांच्यावर पाळत होती. किल्ल्याच्या भिंती दूर झाल्या, एवढेच. तुरुंग रुंदावून सबंध देशाएवढा झाला. तीन वर्षे अशी काढल्यावर १९५३ मध्ये, वयाची साठी उलटलेली असताना, हा माणूस पहारेकऱ्यांच्या हातावर तुरी देऊन पोर्तुगालमधून निसटला. तारुण्यात ज्या पॅरिसने त्यांना ज्ञान दिले होते, त्याच पॅरिसमध्ये ते प्रथम पोचले आणि तेथून मुंबईला आले.

त्या वयात, तेवढे भोगून झाल्यावर, विश्रांती घेण्याचा हक्क त्यांना कोणीही नाकारला नसता. कुन्हा यांनी तो हक्क बजावला नाही. गोव्यासाठी झगडणारे निरनिराळे गट एकत्र यावेत म्हणून त्यांनी गोवा कृती समिती स्थापन केली, आणि फ्री गोवा हे इंग्रजी पत्र चालविले. १९५४ मध्ये दादरा व नगरहवेली मुक्त झाली. १५ ऑगस्ट १९५५ रोजी भारताच्या कानाकोपऱ्यांतून आलेले निःशस्त्र सत्याग्रही गोव्याच्या सरहद्दीवर पोर्तुगीज गोळ्यांना बळी पडले. या सर्व काळात कुन्हा यांची लेखणी अखंड चालू होती. गोवा मुक्त होणार, याविषयी त्यांच्या मनात शंका नव्हती; तो केव्हा होणार, एवढाच प्रश्न होता.

त्या प्रश्नाचे उत्तर पाहावयास ते राहिले नाहीत. २६ सप्टेंबर १९५८ रोजी मुंबईत त्यांचे देहावसान झाले. पुढील वर्षी जागतिक शांतता परिषदेने त्यांना मरणोत्तर सुवर्णपदक देऊन गौरविले. एका लष्करी न्यायालयाने ज्याला राज्याच्या सुरक्षिततेचा शत्रू म्हटले होते, त्याचा शांततेचा सेवक म्हणून जगाने असा सन्मान केला. मृत्यूनंतर तीन वर्षांनी, १९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला. १९९८ मध्ये भारत सरकारच्या टपाल खात्याने त्यांच्या नावाचे तिकीट काढले. त्यांचे अवशेष मुंबईहून गोव्यात आणून आझाद मैदानावर, ज्या मंडपाचा आम्ही आरंभी उल्लेख केला त्या मंडपात, ठेवण्यात आले.

आणि ज्यांनी त्यांना शिक्षा दिली, त्यांचे काय झाले? सालाझार १९७० साली वारला. २५ एप्रिल १९७४ रोजी पोर्तुगालच्याच तरुण सेनाधिकाऱ्यांनी उठाव करून ती राजवट उलथून टाकली. सैन्याच्या बंडाने जी सत्ता १९२६ मध्ये आली, ती ४८ वर्षांनी सैन्याच्याच बंडाने गेली. फरक एवढाच, की या वेळी सैनिकांच्या बंदुकांत लोकांनी फुले खोवली. दोनच दिवसांत पेनिशचे दरवाजे उघडले आणि राजकीय कैदी बाहेर आले. त्याच वर्षाच्या अखेरीस पोर्तुगालने गोव्यावरील भारताचे सार्वभौमत्व मान्य केले. २०२४ मध्ये त्या किल्ल्यात प्रतिकार आणि स्वातंत्र्य यांचे राष्ट्रीय संग्रहालय पूर्णत्वाने खुले करण्यात आले. इकडे आग्वादचा तुरुंगही आता स्मारक झाला आहे. दोन महासागरांच्या काठचे हे दोन किल्ले आज एकच साक्ष देतात. कुन्हा ज्यांच्याशी लढले ते पोर्तुगालचे लोक नव्हते. त्या लोकांचाही गळा ज्याने आवळला होता, त्या जुलमाशी ते लढले. आणि पेनिशला त्यांच्या शेजारच्या कोठड्यांत पोर्तुगीज देशभक्तच होते, ही गोष्ट आपण विसरता कामा नये.

थोर पुरुषांची चरित्रे लिहिताना त्यांचे सर्वच गोड करून सांगण्याचा मोह होतो. तो टाळून आम्ही एवढे म्हणू, की कुन्हा यांचे लेखन मुख्यतः पोर्तुगीज, फ्रेंच आणि इंग्रजी या भाषांतून झाले. त्यामुळे ज्या कष्टकऱ्यांसाठी ते झगडले, त्यांच्या झोपडीपर्यंत त्यांचा शब्द थेट पोचला नाही. परकी विद्येने वाढविलेल्या त्या पिढीची ती मर्यादा होती, आणि अराष्ट्रीयीकरणाचा जो रोग त्यांनी ओळखला, त्याचीच ती एक खूण होती. परंतु शब्दांनी जे साधले नाही, ते त्यांच्या कारावासाने साधले. तुरुंगात जाणाऱ्या माणसाची भाषा समजण्यास कोणालाही शाळेत जावे लागत नाही.

विद्यार्थिमित्रहो, तुम्ही आज शाळेच्या सभागृहात वादविवाद करता, भित्तिपत्रकावर आपले मत लिहिता, मनास येईल ते पुस्तक वाचता. यासाठी तुम्हांस कोणाची परवानगी काढावी लागत नाही. म्हणून ही गोष्ट हवेसारखी सहज वाटते. हवा नाहीशी होते तेव्हाच तिची किंमत कळते. कुन्हा यांना हे हक्क नव्हते. ते मिळावेत म्हणून त्यांनी अटक, मारहाण, लष्करी खटला आणि हद्दपारी सोसली. आणि ते तुम्हांआम्हांस मिळाले, तेव्हा उपभोगण्यास ते राहिले नाहीत. ज्या झाडाची सावली आपल्याला मिळणार नाही, ते झाड लावून त्यास पाणी घालणे, यालाच आपल्याकडे पुण्य म्हणतात.

पुढच्या खेपेस पणजीस जाल, तेव्हा त्या मंडपापाशी क्षणभर उभे राहा. ज्याने हा देश जिंकला त्याची जागा तेथे रिकामी झाली, आणि ज्याने तो मुक्त व्हावा म्हणून स्वतःला बंदिवान करून घेतले तो तेथे कायमचा येऊन राहिला. इतिहास न्याय उशिरा देतो. पण त्याच्या न्यायासनावर गणवेष घातलेले न्यायाधीश बसत नाहीत.